देवळाच्या भिंतीवरची कावी आणि घरातला अबोला

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या एका गावात लग्न होऊन आलेल्या आणि तिथल्याच मराठी प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या एका भगिनीचे हे पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील वगळून त्याचा आशय देत आहे. त्यांच्या ग्रामदेवतेच्या देवळात मागच्या भिंतीवर लाल-पांढऱ्या कावी चित्रांच्या चार चौकटी आहेत. त्यांतली एक काही वर्षांपूर्वी चुन्याखाली गेली आणि उरलेल्या तिन्हींचे पोपडे सुटू लागले आहेत. देवस्थान समितीने आता जीर्णोद्धाराचे काम काढले असून भिंतींना सिमेंटचा गिलावा, खालच्या भागाला ग्रॅनाईट आणि वर ऑईल पेंट असा बेत आहे. चतुर्थी आटोपली की काम सुरू होईल. भगिनींनी चित्रांचा व्हिडिओ करून 'अज्ञात कलाकारांची उपेक्षित कला' अशा मथळ्याने समाजमाध्यमावर टाकला. तो हजारो लोकांनी पाहिला, अनेकांनी समितीला अडाणी ठरवले, आणि समितीचे जुने सभासद असलेल्या त्यांच्या चुलत सासऱ्यांनी त्यांच्याशी बोलणे सोडले. भगिनी लिहितात, "आपल्याच लोकांना आपल्या वस्तूची किंमत नाही. चुलत सासरे स्वतः लहानपणी वडिलांबरोबर देवळाच्या चुन्याच्या कामावर जात असत, तरी त्यांना काही वाटत नाही. मी वर्तमानपत्रांकडे आणि सरकारकडे जावे, की घरातल्या शांततेसाठी गप्प बसावे?"

उत्तर:

ताई,

भिंतीविषयी तुम्हाला वाटणारी काळजी खरी आहे आणि हाताशी वेळ थोडा आहे, हे सर्वांत आधी सांगते. सिमेंट आणि ऑईल पेंट एकदा त्या चित्रांवर चढले की ती परत मिळवणे जवळजवळ अशक्य होईल. त्यामुळे गप्प बसण्याचा सल्ला मी तुम्हाला देणार नाही. पण तुम्ही पुढे ठेवलेले दोनच मार्ग, म्हणजे बाहेर जाऊन आवाज उठवणे किंवा तोंड मिटून घेणे, हे मला पुरेसे वाटत नाहीत. तिसरा मार्ग तुमच्याच पत्रात आहे, फक्त त्याकडे तुमचे लक्ष गेलेले दिसत नाही.

ज्या वाचकांनी कावी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. काव म्हणजे तांबडी माती, आपल्या जांभ्याच्या मुलखात पायाखाली असलेली. शिंपले भाजून केलेला चुना, नदीची धुतलेली वाळू आणि गूळ एकत्र कालवून तो माल बरेच दिवस मुरत ठेवायचा, कुटायचा, आणि त्याचा पांढरा थर भिंतीला द्यायचा. त्यावर काव मिसळलेल्या चुन्याचा पातळ तांबडा थर चढवायचा, आणि तो ओला असतानाच अणकुचीदार लोखंडी हत्याराने नक्षी कोरून नको असलेला तांबडा भाग खरवडून काढायचा, म्हणजे खालचा पांढरा थर उघडा होतो. शेवटी नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घासून सगळा पृष्ठभाग बसवायचा. सारा खेळ दोनच रंगांचा, आणि हात चुकला तर पुसून टाकण्याची सोय नाही. गोव्यातल्या, सिंधुदुर्गातल्या आणि खाली उत्तर कन्नडातल्या देवळांवर, जुन्या घरांवर, तुळशी वृंदावनांवर हे काम होते. विसाव्या शतकात सिमेंट आणि डब्यातले तयार रंग आले तसे ते करणारे हात कमी होत गेले. भिंतीपाशी अगदी जवळ उभे राहिले की या चित्रांचे वेगळेपण कळते. वेलीच्या प्रत्येक पानाला तांबड्या थराची बारीकशी उंच कड असते, आणि गोल कमळाच्या बरोबर मध्यभागी, वर्तुळ काढताना जिथे टोक रोवले होते तिथे, मोहरीएवढे भोक राहिलेले असते. कुणीतरी ओल्या चुन्यासमोर, तो सुकायच्या आत आपले काम उरकत बसले होते, हे त्या भोकावरून समजते.

आता तुमच्या पत्रातल्या एका गृहीतकाकडे वळते. "आपल्याच लोकांना किंमत नाही" हे वाक्य मला दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या पत्रात भेटते. कधी ते ओव्यांविषयी असते, कधी खाडीकाठच्या खाजन शेतीविषयी, कधी जुन्या घराविषयी. ते लिहिणाऱ्यांच्या मनातली कळकळ मला समजते, पण हे वाक्य बहुतेक वेळा अर्धेच खरे असते. तुमच्या गावातल्या ज्या माणसांनी जीर्णोद्धारासाठी पैसे काढले, त्यांतली काही बोटीवर किंवा आखातात राबून आलेली असतील, काहींनी काजूच्या हंगामातली मिळकत दिली असेल. आषाढात छप्पर गळते, भिंतीला ओल येते, जत्रेला आलेल्या पाहुण्यांसमोर पोपडे गळून पडतात, आणि आपल्या देवीचे घर असे असू नये असे त्यांना मनापासून वाटते. त्यांच्या दृष्टीने ग्रॅनाईट हा भक्तीचा खर्च आहे. हे वाटणे खरे मानूनच त्यांच्याशी बोलणे सुरू करावे लागेल.

याला गोव्याच्या इतिहासातलेही एक कारण आहे असे मला वाटते. सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश आणि सासष्टीतली देवळे पाडली गेली तेव्हा आपल्या पूर्वजांनी मूर्ती घेऊन नद्या ओलांडल्या. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, आणि तिसवाडीतल्या करमळीचा ब्रह्मदेव पार सत्तरीच्या रानात जाऊन राहिला. देव वाचला, भिंती मागे राहिल्या. पुढे परिस्थिती सुधारली तशी नवी देवळे उठली, ती पुन्हा वाढवली, पुन्हा बांधली. देव तोच आणि वास्तू काळाप्रमाणे बदलणारी, ही समजूत आपल्या अंगात इतकी मुरलेली आहे की भिंत स्वतःच जपण्यासारखी वस्तू असते ही कल्पना पुष्कळांना अजून नवीच वाटते. पेडण्याचा इतिहास या तीन तालुक्यांहून वेगळा, तो भाग पोर्तुगिजांकडे अठराव्या शतकाच्या अखेरीला गेला; पण जीर्णोद्धाराविषयीची वृत्ती सगळीकडे सारखीच आढळते. अशा माणसाला अडाणी म्हटल्याने त्याला नवी कल्पना कळत नाही, त्याचा अपमान मात्र होतो.

मी हे अनुभवाने लिहिते आहे. माझ्या आजोळी अंगणात जांभ्याच्या चिऱ्याचे जुने वृंदावन होते, त्याच्या चारही बाजूंना कावीतली कमळे होती. मी कॉलेजात असताना ते पाडून टाइल्स लावलेले नवे वृंदावन बांधले गेले. त्या दिवशी मी तिथे होते, आणि नवे वृंदावन किती स्वच्छ दिसते म्हणून मला आनंद झाला होता. आजीने मात्र फुटलेल्या ढिगातून तांबड्या-पांढऱ्या गिलाव्याचा तळहाताएवढा तुकडा उचलला, पदराने पुसला आणि नव्या वृंदावनात तुळशीच्या बुंध्याशी मातीत ठेवून दिला. कुणाला काही बोलली नाही. त्या तुकड्याचा अर्थ मला समजायला पुढे वीस वर्षे लागली. घरात किंमत कळणारे माणूस होते, पण त्याला विचारावे असे आम्हा कुणाला सुचले नाही.

दुसरे गृहीतक प्रसिद्धीविषयीचे आहे. जगाने पाहिले की वस्तू वाचते असे तुम्ही धरून चालला आहात. कधी कधी ते घडतेही. सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळला जांभ्याच्या कातळावर शंभराहून अधिक प्राचीन कोरीव आकृती आहेत. बैल, हरणे, गोल गोल फिरत जाणारे एक चक्रव्यूहासारखे चित्र. १९९३ साली त्या अभ्यासकांच्या नजरेस आल्या आणि नंतर त्या जागेला संरक्षण मिळाले. पण त्या अभ्यासकांना तिथवर नेले ते स्थानिक माणसांनी. नदीकाठी गुरे चारणाऱ्यांना त्या आकृती आधीपासून ठाऊक होत्या. शोध लागला असे आपण म्हणतो, तेव्हा ठाऊक असलेल्या माणसाने ठाऊक नसलेल्या माणसाला सांगितले, एवढेच बऱ्याचदा घडलेले असते.

तुमच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला. गावाने जगाला सांगण्याऐवजी जगाने गावाला सुनावले. हजारो लोकांनी व्हिडिओ पाहिला, पण त्यांतल्या एकाने तरी छपरातून गळणाऱ्या पाण्याची चौकशी केली का? ज्यांनी प्रतिक्रिया लिहिल्या ते दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विषयाकडे गेले असतील. तुम्हाला आणि समितीला त्याच गावात, त्याच देवीसमोर, उद्याही उभे राहायचे आहे. व्हिडिओ करण्यात तुमचा हेतू चांगला होता याविषयी मला शंका नाही. तरी तो तूर्त खाली घ्यावा, किंवा निदान त्याखालच्या प्रतिक्रिया बंद कराव्यात, असे मी सुचवेन.

वर्तमानपत्र आणि सरकार या मार्गांविषयीही स्पष्ट लिहिते, कारण तुमच्यासारख्या परिस्थितीत सापडलेल्या इतरांनाही ते उपयोगी पडेल. १९७८ च्या राज्य कायद्याखाली गोवा सरकारने ५१ स्मारके संरक्षित केलेली आहेत. त्या यादीत नवे नाव घालणे ही लांबची प्रक्रिया आहे, ती चतुर्थीच्या आत होणारी नाही, आणि देऊळ सरकारजमा होईल या भीतीने गावाचा विरोधच वाढू शकतो. पुरातत्त्व खात्याकडे तांत्रिक सल्ला मागणे ही मात्र वेगळी आणि सौम्य गोष्ट आहे. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचे देऊळ तुम्ही पाहिले असेल. १६६८ साली शिवाजी महाराजांनी ज्याच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली, त्याच देवळाचे राज्य सरकारने केलेले जतनकाम २०२३ साली पूर्ण झाले. जुने ठेवूनही जीर्णोद्धार होतो हे दाखवायला समितीतल्या चार जणांना घेऊन एका रविवारी नार्व्याला जाऊन येणे हे दहा निवेदनांपेक्षा परिणामकारक ठरेल.

मामलेदाराकडे तक्रार हा आणखी एक मार्ग आहे. १९३३ साली पोर्तुगीज राजवटीत झालेली देवस्थान नियमावली आजही लागू आहे आणि तिच्याप्रमाणे तालुक्याचा मामलेदार नोंदणीकृत देवस्थानांवर प्रशासक म्हणून देखरेख ठेवतो. ही वाट आहे, पण ती अगदी शेवटची ठेवा. एकदा प्रकरण कागदावर चढले की महाजनांमध्ये, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत मानकऱ्यांमध्ये, तट पडतात, आणि आपल्याकडे देवस्थानाचे वाद किती पिढ्या चालतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता तुम्ही सहज लिहून पुढे गेलेल्या त्या वाक्याकडे येते. चुलत सासरे लहानपणी वडिलांबरोबर देवळाच्या चुन्याच्या कामावर जात असत. ताई, हे वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेत. मला तर त्यात तुमच्या सगळ्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती दिसते. ज्याने चुना मुरताना पाहिला आहे, त्यात गूळ किती पडतो हे ज्याला आठवते, ज्याच्या तळहाताला घासायच्या गोट्याची सवय होती, असा माणूस आज गोव्यात किती ठिकाणी सापडेल? तुमच्या भिंतीइतकाच तो दुर्मीळ आहे, आणि तो तुमच्या घरात आहे. तुम्ही जेव्हा 'अज्ञात कलाकार' असे लिहिलेत, तेव्हा ज्या भिंतीच्या चुन्यासाठी त्यांचे वडील खपले होते तिच्याविषयी लिहीत होतात. त्यांच्या वडिलांनी चित्रे काढली नसतील, फक्त डागडुजी केली असेल, माल कुटला असेल. तरी तो शब्द त्यांना लागला असावा असा माझा अंदाज आहे. अडाणी म्हणून झालेल्या अपमानापेक्षाही तो खोल लागला असेल. तुम्ही म्हणता त्यांना काही वाटत नाही. ज्याला काही वाटत नाही तो अबोला धरत नाही.

म्हणून त्यांच्याकडे जा, पण भिंत वाचवा म्हणून त्यांची मनधरणी करायला जाऊ नका. प्रथम व्हिडिओबद्दल माफी मागा, कारण न देता. नंतर विचारा. शिंपले कुठल्या खाडीतले आणत? भट्टी कुठे लागत असे? माल किती दिवस मुरत ठेवत आणि तो तयार झाला हे कशावरून ओळखत? काव कुठल्या डोंगराची? वडिलांबरोबर आणखी कोण कोण असे, आणि त्यांची मुले-नातवंडे आज कुठे आहेत? परवानगी घेऊन त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा, तारीख टाका, त्यांच्या वडिलांचे पूर्ण नाव लिहून घ्या. पहिल्या दिवशी ते काही बोलणार नाहीत कदाचित. चहाचा कप ठेवून उठून या आणि चार दिवसांनी पुन्हा जा. तुमच्या सासूबाई किंवा चुलत सासूबाई बरोबर असतील तर अधिक बरे. त्या घरात अबोला कसा सुटतो हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

आणि एक काम त्यांच्याबरोबर करा, त्यांना घेऊनच करा. चुन्याखाली गेलेली चौथी चौकट गेली असे तुम्ही लिहिले आहे, पण ती बहुधा गेलेली नाही. कावी कोरलेली असते, त्यामुळे वरून चुन्याचे हात दिले तरी रेषांचे चढउतार पुष्कळदा टिकून राहतात. संध्याकाळी दिवाबत्तीनंतर, देवळात अंधार झाला की एक विजेरी भिंतीला जवळजवळ चिकटवून अशी धरा की उजेड भिंतीवरून आडवा सरकत जाईल. समोरून टाकलेल्या उजेडात जे दिसत नाही ते अशा तिरप्या उजेडात सावल्यांनी उठून दिसते. काहीही खरवडू नका, ओल्या फडक्याने पुसू नका, कागद लावून ठसा घेऊ नका. वरचा साधा चुना जतनकामातला जाणकार कधीतरी हळूहळू काढू शकतो. घरगुती उत्साहाने केलेली इजा मात्र भरून येत नाही.

समितीकडे जाताना मागणी लहान ठेवा. संपूर्ण जीर्णोद्धार थांबवा असे म्हटले तर बैठक पाच मिनिटांत संपेल. मी तुमच्या जागी असते तर एवढेच मागितले असते: छपराचे काम आधी व्हावे, आणि चौकटी असलेली ती एक भिंत कंत्राटातून वगळली जावी. बाकी देवळाचे तुम्हाला योग्य वाटेल ते करा. हे ठरावात लेखी येईल असे पाहा, कारण कंत्राटदाराची माणसे कुणाच्या तोंडी सूचनेसाठी थांबत नाहीत. समितीला समजावण्यासारखे एक व्यवहारी कारणही आहे. चिऱ्याची भिंत पाणी शोषते आणि सोडते. चुन्याचा गिलावा तिला ही मुभा देतो, तर सिमेंट आणि ऑईल पेंट ओल आत कोंडतात. मग भिंतीतले क्षार गिलाव्याच्या मागे साचतात आणि काही पावसाळ्यांत फुगे येऊन सगळा नवा गिलावा सुटू लागतो. आज ज्या पोपड्यांमुळे समिती वैतागली आहे, ते सिमेंटमागून पुन्हा येतील. हे वाक्य तुमच्या तोंडून आले तर शाळेतल्या बाईंचे मत ठरेल. चुन्याच्या कामावर वाढलेल्या तुमच्या चुलत सासऱ्यांनी म्हटले तर तो अनुभव ठरेल. अनेक देवस्थानांत महाजन म्हणून पुरुषच बसतात, तुमच्याकडेही बहुधा तसेच असेल. ते न्याय्य आहे असे मी म्हणत नाही, पण भिंत त्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबणार नाही.

बैठकीत जागा नसली म्हणून बायकांना आवाज नसतो असेही नाही. पौषात तुमच्याकडे धालो, म्हणजे बायकांची नाच-गाणी, होत असतील तर मांडावर, त्यासाठी ठरलेल्या अंगणात, वाड्यावरच्या सगळ्या वयाच्या बायका जमतात. मांडाची वाट पाहायला आता वेळ नाही, पण त्या बायका तर आजही आहेत. त्यांतल्या म्हाताऱ्यांना विचारा की तिसऱ्या चौकटीतली गोष्ट कुठली, तो रथ कुणाचा, ती बाई कोण. एका घरातली आजी एक सांगेल, दुसऱ्या घरातली दुसरे, आणि आठवडाभरात सगळा वाडा भिंतीविषयी बोलू लागेल. गावात विषय असा फिरू लागला की समितीच्या कानावर तो आपोआप जातो.

नोंद मात्र आजपासूनच करा, समिती काहीही ठरवो. प्रत्येक चौकटीचा समोरून एक फोटो, शेजारी मोजपट्टी धरलेला. मग जवळून भागाभागाचे फोटो. मग तिरप्या उजेडातले. लांबी-रुंदी, जमिनीपासूनची उंची, कुठे पोपडा सुटला आहे, कुठे ओल आहे, हे वहीत लिहा. उत्तर कन्नडातल्या कावीच्या अशाच नोंदी आणि छायाचित्रे कृष्णानंद कामत यांनी अनेक वर्षे चिकाटीने केली, आणि तिकडची कावी अभ्यासकांपर्यंत पोहोचण्यात त्या कामाचा मोठा वाटा आहे. देवस्थानाच्या जुन्या हिशेबवह्या असतील तर त्यांचीही चौकशी करा. त्या मोडीत किंवा पोर्तुगिजात असण्याची शक्यता आहे. गोव्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे १५९५ साली सुरू झालेल्या त्या जुन्या दफ्तरखान्यात, अशा लिपी वाचणारी माणसे कोण हे तुम्हाला विचारता येईल. चुन्याच्या खरेदीची एखादी ओळ सापडली तरी भिंतीचे वय कळायला आधार मिळेल. या सगळ्याची एक प्रत समितीला भेट द्या. आपल्या देवळाविषयीची इतकी बारकाईने केलेली वही हातात पडली की माणसे निराळ्या नजरेने भिंतीकडे पाहतात, हे मी दोन-तीन ठिकाणी पाहिले आहे.

शाळेचा उपयोग करा असे तुम्हाला सांगण्याची गरज नसावी. मुलांना देवळात नेऊन व्याख्यान देऊ नका. शाळेच्या आवारात जुन्या कौलाच्या तुकड्यावर चुना आणि काव लावून एक फूल कोरायला द्या. ओला चुना हात भाजतो, म्हणून तो मोठ्यांनीच कालवावा, आणि कालवायला तुमच्या घरातल्याच जाणकारांना बोलवावे. दहा वर्षांच्या मुलाने एकदा स्वतः रेषा चुकवली की देवळातली न चुकलेली रेष त्याला दिसू लागते.

इतर वाचकांनाही अशीच पत्रे लिहावीशी वाटतात हे मला ठाऊक आहे, म्हणून घुमट या मातीच्या वाद्याविषयी चार वाक्ये. २०१९ साली सरकारने घुमट हे गोव्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर केले, त्याचा सगळ्यांना अभिमान वाटला. पण त्याआधीचा काळ त्याला कठीण होता, कारण पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे लावत, आणि वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण दिल्यावर ते बंद करणे भाग होते, आणि ते योग्यच होते. तरी घुमट टिकला, कारण चतुर्थीला घराघरांत आरती होत राहिली आणि वाजवणाऱ्यांनी बकरीच्या कातड्यावर हात बसवून घेतला. मातीचे भांडे घडवणारा कुंभार, कातडे ताणून बांधणारा माणूस आणि आरती म्हणणारी पोरे, ही साखळी चालू राहिली. सरकारी घोषणा नंतर आली. तुमच्या गावातली जी गोष्ट दुर्लक्षित आहे असे तुम्हाला वाटते, ती करणारा, वापरणारा किंवा आठवणारा शेवटचा माणूस कोण, हे आधी शोधा. खाजनाच्या बांधावरचे मानस, म्हणजे पाण्याचे दरवाजे, भरती-ओहोटी पाहून उघडणारा, मिठागरात मीठ ओढणारी, जात्यावरच्या ओव्या येणारी, अशी माणसे साठी-सत्तरी ओलांडून बसलेली आहेत. त्यांना पुरस्कार नको असतो असे मी म्हणणार नाही, पण कुणीतरी समोर बसून नीट विचारावे, हे त्यांना त्याहून आधी हवे असते.

ताई, हे सगळे करूनही समिती ऐकणार नाही असे होऊ शकते. तसे झाले तर वर्तमानपत्राकडे जाण्यास माझी हरकत नाही. फक्त तेव्हा तुमच्या हातात वही असेल, चुलत सासऱ्यांच्या वडिलांचे नाव असेल, आणि कदाचित तुमच्या शेजारी ते स्वतः असतील. बातमीत गावाला दोष न देता गावाकडे काय आहे ते सांगा. घरात त्यावरून कुणी बोलले तर तुम्ही लपूनछपून काही केलेले नाही हे सर्वांना माहीत असेल.

चतुर्थीचे दिवस जवळ आले की घरातले सगळे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या माटोळीच्या तयारीला लागतील, मुंबई-पुण्याची माणसे घरी येतील आणि चुलत सासऱ्यांपाशी कुणाला निवांत बसता येणार नाही. त्यामुळे पुढच्या आठवड्यातच जा. विजेरीचे सेल नवे घाला. चौथ्या चौकटीत काय निघाले ते मला जरूर कळवा, आणि ते चित्र कशाचे आहे हे त्यांनी ओळखले का, तेही.